खिंडीचं वळण आणि तीन सायकली

सायकल कोणाचीही असो, रीता राठोडला ती एकदा चालवून पाहिल्याशिवाय चैन पडायची नाही. ही खोड शाळेतली. अनसिंगला आठवीत असताना मुलींना सरकारी सायकली मिळाल्या होत्या. सगळ्या एकाच रंगाच्या, एकाच उंचीच्या, एकाच टेम्पोतून उतरलेल्या. तरी दुसऱ्याच दिवशी तिच्या लक्षात आलं, की यातली एकही दुसरीसारखी चालत नाही. एक हात सोडले तरी सरळ जायची, एक कायम डाव्या अंगाला ओढायची, एक वळवली की वळतच राहायची. घरी जाताना ती मैत्रिणींच्या सायकली पाळीपाळीने मागून घ्यायची. "हिले सायकल नाई पायजे, सायकलीचा सोभाव पायजे," असं एक मैत्रीण म्हणाली होती. रीताला त्यात चेष्टा दिसली नाही.

लग्न होऊन ती मालेगावच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याच्या तांड्यात आली, तेव्हा सासरच्या गोठ्याला टेकून तीन सायकली उभ्या होत्या. तिन्ही जुन्या, गियरच्या, जाड दातेरी टायरच्या. शहरात त्यांना माउंटन बाईक म्हणतात. शहरातली मुलं त्या वर्षभर चालवतात, मग त्या पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खातात आणि शेवटी वॉचमनच्या हातून कुणाच्या तरी गावी जातात. दोन सायकली दीर बादलने पुण्याहून पाठवल्या होत्या. तिसरी सासऱ्यांची. भाऊसिंग ऊसतोडीला जात होते त्या काळात शेवटच्या हंगामाहून परतताना त्यांनी ती आणली होती, आणि दारात आलेल्या प्रत्येकाला ते ती दाखवत.

पहिल्या आठवड्यातच रीताने तिघींना नावं ठेवली. निळी होती शेळी. हलकी, आखूड, पुढे स्प्रिंग असलेली. हँडलला बोट लावलं की वळायची, आणि दगड दिसला की नेमकी त्याच्यावर जायची. काळी होती म्हैस. तिला पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग. पायडल मारलं की आधी खाली बसायची, मग विचार करून पुढे सरकायची. मुरमाच्या रस्त्यावर मात्र खड्डे असे गिळायची, की बसणाऱ्याला पत्ता लागू नये. आणि भाऊसिंगांची लाल, ती बैल. लोखंडी, लांब, स्प्रिंग कुठेच नाही. उतारावर सोडली की नाकासमोर जायची. भाऊसिंग सांगायचे, "हात सोडून तंबाखू मळा, सायकल हलत नाई." ते खरंही होतं. रीताने हात सोडून पाहिलं होतं, तंबाखूशिवाय.

रीताचा हा छंद यंदा पावसाळ्यात कामाला आला. खालच्या गावातल्या टपाल कार्यालयात तिची डाकसेवक म्हणून नेमणूक झाली. अर्जात विचारलं होतं, सायकल चालवता येते का. तिने एवढं ठसठशीत 'होय' दुसऱ्या कुठल्याच प्रश्नापुढे लिहिलं नव्हतं.

काम अवघड नव्हतं. सकाळी टपाल लावायचं, खालच्या गावात वाटायचं, मग डोंगरावरच्या वरच्या तांड्याला जायचं. पत्रं आताशा कमी. बँकेची कार्डं, आधार, परीक्षांचे कागद, राखीच्या दिवसांत राख्या. आणि पिशवीत अंगठ्याचं मशीन, कारण वरच्या तांड्यातल्या म्हाताऱ्या निराधारच्या पगारासाठी खाली उतरू शकत नव्हत्या. हे सगळं आटपून दुपारच्या एसटीच्या आत परत यायचं, कारण मालेगावची पिशवी त्या एसटीने जायची. डांबरी रस्त्याने वरचा तांडा फार लांब. जवळची वाट एकच, खिंडीची. मुरमाची, चढाची. आणि खिंडीच्या तोंडाशी त्या वाटेचं एक डावं वळण होतं, चढावरच, एवढं आवळलेलं, की बैलगाडीवालेही तिथे खाली उतरत.

त्या वळणावर रीता पडत होती.

बहुतेक दिवस नवरा वीरेंद्र तिला मोटारसायकलवर वर सोडायचा. सोयाबीनच्या सोंगणीत तो अडकला की ती लाल सायकल घ्यायची, कारण पिशवी बांधायला कॅरियर फक्त तिलाच होतं. चढ ती चढायची. खालच्या गियरमध्ये टाकलं की बैल मान खाली घालून चढतो तशी लाल चढायची. पण वळण आलं, वेग मेला, हँडल डावीकडे नेलं, की ते हातातून एकदम आत कोसळायचं, पायाला काहीतरी अडायचं आणि रीता मुरमावर. एकदा गुडघा, एकदा कोपर. मग ती पायी सायकल ढकलत वर जायची आणि परतीची पिशवी हुकायची.

वरच्या तांड्याच्या तोंडाशी चतुराबाईचं घर. म्हातारी दारात बसून खिंडीकडे तोंड करून असायची. रीता सायकल ढकलत खिंडीतून बाहेर आली, की ती उठून राख आणि पाणी घ्यायची आणि उजव्या हाताचा अंगठा घासायला लागायची. मशीनला तिचा अंगठा ओळखू येत नसे. जन्मभर विळा धरून रेषा गेल्या होत्या. रीता पोचेपर्यंत अंगठा चांगला लाल व्हायचा.

"आज कोनता गुडघा?" चतुराबाई विचारायची.

"कोपर हाय आज."

"मंग ठीक. गुडघा दुखला त सायकल कशी ढकलशीन तू?"

टपाल कार्यालयाचे प्रमुख जगदेवराव खालच्या गावचे शेतकरी. आवाज चढवणारे नव्हते. पिशवी दुसऱ्यांदा हुकली त्या दिवशी त्यांनी रीताला पाणी दिलं, मग म्हणाले, "पाय बाई, तू गाडीवर जाय, सायकलीवर जाय, उडत जाय. मले त्याचं काई नाई. पन एसटी काई तुह्यासाठी थांबत नाई अन् मले रोज वरच्या सायबाले उत्तर द्या लागते. दिवाळीनंतर वीरेंद्र ऊसाले गेला, त तू कशी जाशीन वर?"

हाच प्रश्न घरीही होता, फक्त दुसऱ्या बाजूने.

दसरा उलटला तसा मुकादम दौलतसिंग तांड्यात फिरायला लागला. ऊसतोडीत माणसं एकेकटी मोजत नाहीत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते. दौलतसिंग संध्याकाळी अंगणात येऊन बाजेवर टेकला आणि रामीबाईने, म्हणजे रीताच्या सासूने, पुढे केलेला चहा बशीत ओतत म्हणाला, "वीरेंद्र, तुहा पुरा कोयता धरू का अर्धा?"

वीरेंद्रने रीताकडे पाहिलं. रीता चुलीकडे पाहत होती.

"बाजाराच्या दिवशी सांगतो," वीरेंद्र म्हणाला.

"सांगजो. तांड्यातल्या विकासची बायको पोटुशी हाय, ते येत नाई. तू अर्धा असशीन त त्याच्यासंगं जोडतो. पुरा असशीन त त्याले दुसरा पायतो."

तो गेल्यावर वीरेंद्र रीताच्या शेजारी येऊन बसला. तो मनाने वाईट नव्हता. "मले तू आली त बरंच वाटन," तो म्हणाला. "पन टपाल सोडून येशीन त तिथं रोज तोंड पाडून मोळ्या बांधशीन. अन् न येशीन, अन् इथं त्या वळनावर रोज पडशीन, त ते नोकरी किती दिवस टिकन? मोटारसायकल त मी घेऊन चाललो. तूच सांग मले, काय करू."

"बाजार रविवारी हाय ना?"

"हो."

"मंग रविवारीच सांगतो," रीता म्हणाली. "संध्याकाळी. दिवसभर मले सायकली पायच्या हायत."

"पडून राह्यली तू, अन् पायनार सायकली?"

"मी पडतो का सायकल पाडते, ते त समजू दे."

रविवारी टपाल बंद. सकाळीच तिने तिन्ही सायकली अंगणात काढल्या. टपालाच्या पिशवीएवढ्या वजनाची सोयाबीनची पिशवी बांधली. तिघींचे टायर अंगठ्याने दाबून हवा सारखी केली. पायात त्याच चपला ठेवल्या, ज्या घालून ती कामाला जायची. तिला वाटत होतं, तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही. सायकल बदलायची, बाकी काहीच नाही.

रामीबाई दारात तूर निवडत बसली होती. "आज काय सायकलीचा पोळा हाय का?" ती म्हणाली. "शिंगं रंगवू का?"

"रंगवा आत्याबाई. पन लालची आधी रंगवू नका, ते मारते."

आधी शेळी. निळीला आणि काळीला कॅरियर नव्हतं म्हणून पिशवी तिन्ही खेपांना पाठीवरच घ्यायची ठरवलं. खिंडीच्या चढावर निळीचं पुढचं चाक हलकं व्हायला लागलं, जणू ते आभाळाकडे पाहतंय. रीताला हँडलवर छाती टेकवून तिला खाली दाबून धरावं लागलं. चढता चढता ती दोनदा रस्ता सोडून बाभळीकडे गेली. पण वळण आलं, आणि निळी नुसती वळली. पाय कुठे अडला नाही, हँडल आत पडलं नाही. रीता वळणाच्या पलीकडे पोचली आणि उगाचच घंटी वाजवली.

मग म्हैस. काळी अर्ध्या चढातच दमली. प्रत्येक पायडलला स्प्रिंग बसायची आणि रीताच्या पायातलं निम्मं बळ स्प्रिंगच पिऊन टाकायची. रोज एवढं घालवून पोचायचं म्हणजे पोचल्यावर अंगठा लावून घ्यायलाही जोर उरायचा नाही. तरी ती वळणापर्यंत गेली. वळणावर म्हैससुद्धा, हळू, कण्हत, पण वळली.

म्हणजे वळणाचा दोष नव्हता. रीताचाही नव्हता.

शेवटी बैल. वळणाच्या अलीकडे धुळीचा एक सपाट तुकडा होता. तिथे थांबून तिने मागे वळून लालच्या चाकांचे माग पाहिले. निळीचे माग शेजारीच होते. निळीचं पुढचं चाक बारीक नागमोडी गेलेलं, पण मागच्या चाकाच्या जवळजवळ. लालचं पुढचं चाक मात्र बराच वेळ सरळ, मग एकदम एका बाजूला लांब गेलेलं, मग ओढून परत आणलेलं. सरळ, मग कोसळलेलं, मग सरळ. दारू पिऊन घरी निघालेला माणूस आपण प्यालो नाही हे दाखवायला जसा चालतो, तसं.

ती पुढे गेली, वळण घेतलं, आणि पडली. या वेळी ती पडण्याची वाटच पाहत होती, म्हणून फार लागलं नाही. मुरमावर बसल्या बसल्या तिने उजवी चप्पल काढून हातात घेतली. अंगठ्याजवळ पुढची कड झिजून गेली होती आणि तिथे काळं रबर लागलेलं होतं. टायरचं रबर.

पायाला अडत होतं ते काहीतरी, म्हणजे पुढचं चाक.

घरी आल्यावर तिने लाल आणि निळी शेजारी शेजारी उभ्या केल्या. दोघींचं पायडल पुढे आणून, पायडलच्या टोकापासून पुढच्या टायरपर्यंत बोटं लावली. निळीला चपलेचं टोक धरूनही जागा राहत होती. लालला मधे एक बोट जेमतेम. पण लाल तर लांब सायकल. निळीपेक्षा वीतभर लांब. मग लांब सायकलीत पाय आणि चाक एकमेकांच्या एवढे जवळ कसे?

ती खाली बसून दोन्ही सायकलींच्या पुढच्या भागाकडे पाहत राहिली. लेकरांच्या चेहऱ्यात बापाचं काय अन् आईचं काय ते पाहावं तसं. आणि मग तिला दिसलं. निळीचे पुढचे ब्रेक चाक धरणाऱ्या चिमट्याच्या पुढच्या अंगाला होते. काळीचेही. लालचे मागच्या अंगाला, सायकलीच्या पोटाकडे तोंड करून. आणि ब्रेकची वायर हँडलवरून सरळ खाली न येता, गळ्यात गंडा घातल्यासारखी दांडीभोवती फिरून आली होती.

गोठ्यात गेल्या वर्षीच्या तुराट्यांची मोळी होती. तिने एक सरळ तुराटी उपसली. हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो, त्या नळीच्या अंगाने तुराटी लावून खाली जमिनीपर्यंत नेली, आणि टेकली तिथे खूण केली. निळीचं चाक त्या खुणेच्या चार बोटं मागे जमिनीला लागत होतं. लालचं जवळजवळ वीतभर मागे.

रीताने तुराटी हातात धरून बराच वेळ विचार केला. फिरत्या चाकांची खुर्ची तिने जगदेवरावांच्या टेबलापाशी पाहिली होती. खुर्ची ओढली की तिची चाकं आपोआप मागे वळून ओढीच्या मागोमाग येतात. चाक जेवढं मागे राहतं, तेवढं ते मुकाट्याने सरळ येतं. लालचं चाक असंच ओढलं जात होतं. म्हणून उतारावर ती नाकासमोर जायची. आणि म्हणूनच हळू चालताना हँडल जरा वळवलं, की तेवढंच लांब चाक बाजूला फेकलं जायचं आणि सगळा पुढचा भार त्या बाजूला पडायचा. भाऊसिंगांची तंबाखू आणि रीताचा गुडघा, दोन्हींचं कारण एकच होतं.

चिमटा उलटा बसला होता. पुढचं मागे.

आता हे सासऱ्यांना सांगायचं होतं.

भाऊसिंग दुपारी शेतातून आले. रीताने त्यांना पाणी दिलं, भाकरी वाढली, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत दम धरला.

"मामाजी, लाल सायकल तुमी आनली तवा ट्रकात कशी टाकली होती?"

भाऊसिंगांना हा विषय आवडायचा. "ट्रकात मानसं, बकऱ्या, भांडी, सरपन. सायकल सगळ्यायच्या वर. पन हँडल आडवं असते ना, ते दुसऱ्यायच्या डोक्याले लागते. म्हनून वरचा नट ढिला कराचा, हँडल चाकाच्या रेषेत फिरवाचं, सायकल चपटी कराची, अन् दोरीनं आवळाची. सारा तांडा असाच आनते."

"अन् इथं उतरल्यावर?"

"उतरल्यावर हँडल फिरवून सरळ कराचं अन् नट आवळाचा. त्यात काय?"

"रस्त्यानं चाक फिरून गेलं असन त?"

"फिरन कुठं? सायकलीतच राहीन ना चाक."

रामीबाई खुदकन हसली.

"तसं नाई मामाजी. हँडल ढिलं हाय, तवा खाली चाकाचा चिमटा पुरा उलटा फिरू शकते. पुढचं अंग मांगं. वरून पायलं त चाक सरळच दिसते. मंग तुमी हँडल आपल्याकडं करून नट आवळला. हँडल बरोबर, चाक बरोबर, पन मधातला चिमटा उलटा."

भाऊसिंगांनी हात धुतले. मग बाजेवर बसून म्हणाले, "इतके वर्षं चालवली म्या ते सायकल. इतकी सरळ सायकल पुऱ्या तांड्यात नाई. उलटी असती त सरळ गेली असती का?"

"उलटी हाय म्हनूनच इतकी सरळ जाते."

"म्हंजे उलटी चांगली."

"उताराले चांगली. चढाच्या वळनाले नाई. तुमी चढ कधी चढले हिच्यावर?"

"म्या खिंडीतून खालीच येतो. वर जातानी पायी जातो, शेत लागते ना मधात."

"मंग एक डाव चढून पाहा."

रामीबाईने सूप खाली ठेवलं. आता तिलाही पाहायचं होतं. तिघं मिळून खिंडीपाशी गेली. भाऊसिंगांनी धोतर खोचलं, सायकलीवर टांग टाकली, आणि साठी ओलांडलेल्या माणसाच्या मानाने फारच चांगले चढले. वळणाशी त्यांनी हँडल डावीकडे नेलं. हँडल आत पडलं, बूट टायरला घासला, आणि भाऊसिंगांनी दुसरा पाय टेकून स्वतःला कसंबसं सावरलं.

मग सायकलीवरून उतरून, ती उताराकडे वळवून, पायी ढकलत खाली आले.

"बूट मोठा हाय माहा," ते म्हणाले.

"हो," रामीबाई म्हणाली. "पायापेक्षा डोकंच मोठं हाय."

घरी येऊन भाऊसिंगांनी स्वतःच पान्यांचा डबा काढला. रीताने हात पुढे केला तेव्हा म्हणाले, "राहू दे. म्या बसवलं, म्याच काढतो." नट गंजलेला होता. त्यांनी त्यावर खोबरेल सोडलं, वाट पाहिली, हातोडीने वरून हलका ठोका दिला, तसा आतला दांडा सुटला. चिमटा अर्धा गोल फिरवला. ब्रेकची वायर गळ्यातून सुटून सरळ झाली. ते पाहताना भाऊसिंग स्वतःशीच पुटपुटले, "म्या म्हनत होतो, वायर आखूड काहून पडते."

पायडल आणि टायरच्या मधे आता चपलेला ऐसपैस जागा होती. तुराटी लावली. चाक खुणेच्या चार बोटं मागे आलं होतं, निळीसारखं.

पण अजून काही सिद्ध झालं नव्हतं. दिवस कलत होता आणि बाजारातून परतणाऱ्या माणसांत दौलतसिंग येणार होता. रीताने सोयाबीनची पिशवी रोजच्यासारखी कॅरियरवर आवळली आणि निघाली. वीरेंद्र मळणी आटपून आला होता. तो मागून पायी चालत आला. मोटारसायकल त्याने मुद्दाम घेतली नाही.

आधी ती सपाटीवर लालला समजून घेत होती. सायकल तीच, आणि नवीनही. हँडल हलकं लागत होतं. हात सोडून पाहिले. पूर्वीसारखी नाकासमोर गेली नाही. थोडी डुलली, मग सावरली. भाऊसिंगांची तंबाखू आता सांडणार, हे तिच्या मनात आलं आणि थोडं वाईटही वाटलं. काहीतरी मिळालं तेव्हा काहीतरी गेलंच होतं. पण किती गेलं आणि किती आलं, हे आता तिला हातांत कळत होतं.

चढ सुरू झाला. खालचा गियर. बैलाने मान खाली घातली. पिशवीचा भार मागे, तरी पुढचं चाक निळीसारखं आभाळ पाहत नव्हतं. बाभळी गेल्या, धुळीचा तुकडा गेला, वळण आलं. वेग मेला. तिने हँडल डावीकडे नेलं, आणि ते जेवढं नेलं तेवढंच गेलं. पाय फिरला. उजवा पाय टायरच्या शेजारून गेला, अडला नाही. अजून एकदा फिरला. वळणाच्या आतल्या कडेला मुरूम सैल होता, तिथे मागचं चाक जरा घसरलं. ती पायडल मारत राहिली, आणि वळण मागे पडलं.

वळणाच्या थोडं वर ती थांबली. धाप लागली होती. खाली वीरेंद्र वळणावर येऊन उभा होता, जिथे ती नेहमी पडायची तिथे, आणि मुरमावरचे माग पाहत होता.

"कुठं पडली?" त्याने खालून विचारलं.

"पायत राहा," ती म्हणाली. "जागा सापडली त सांगजा."

त्या संध्याकाळी दौलतसिंग आला, तेव्हा वीरेंद्रने त्याला बसायच्या आधीच सांगितलं, "अर्धा धर. विकाससंगं जोड."

"बायको?"

"तिची डूटी हाय."

सोमवारी रीता पिशवी घेऊन निघाली आणि खिंड चढून वरच्या तांड्यात शिरली. चतुराबाई दारात नव्हती. ती घरामागे शेळी बांधत होती. रीताने हाक मारली तशी म्हातारी बाहेर आली, खिंडीकडे पाहिलं, मग रीताकडे, मग तिच्या गुडघ्यांकडे.

"गाडीवर आली का?"

"नाई व. सायकलीवर."

"मंग ढकलत आलेली दिसली काहून नाई?" म्हातारी वैतागली. "म्या त अजून अंगठा नाई घासला."

"घासा. टाइम हाय आज."

चतुराबाईने राख घेतली. घासता घासता तिची नजर सायकलीवरच होती. "तेच हाय ना लाल? भाऊसिंगची?"

"तेच."

"मंग आता काहून नाई पाडत?"

रीताने तिला चिमटा दाखवला, ब्रेक कुठे होता आणि कुठे आला ते सांगितलं, जमिनीवर काटकीने रेघ मारून चार बोटं आणि वीत दाखवली. म्हातारीने सगळं ऐकलं. मशीनने अंगठा दुसऱ्या खेपेला ओळखला. दुपारची पिशवी एसटीच्या आधी बांधून झाली. जगदेवरावांनी लाख वितळवताना फक्त एवढंच विचारलं, "उडत गेली होती का बाई?"

दिवाळी झाली. पाडव्यानंतर एका सकाळी तांड्याच्या तोंडाशी ट्रक येऊन लागला. माणसं, बकऱ्या, भांडी, सरपण. वीरेंद्र मोटारसायकल फळीवरून वर चढवत होता आणि रीता त्याला ओढून घ्यायला मदत करत होती. सगळ्यात शेवटी सायकलींची पाळी आली. तिथे उसाच्या फडावरून मुक्कामाच्या तळापर्यंत जायला प्रत्येक घरची एखादी सायकल जायचीच. बायाबाप्ये त्या हारीने उभ्या करून नट ढिले करायला लागले.

रीता खाली उतरली. भाऊसिंगांच्या डब्यात बैलांच्या शिंगांना लावून उरलेला पिवळा रंग होता. तो ती घेऊन आली आणि एकेका सायकलीपाशी वाकून तिने चिमट्याच्या पुढच्या अंगाला एक ठिपका द्यायला सुरुवात केली.

"हे काय व?" दौलतसिंगने विचारलं.

"हा ठिपका पुढं दिसला पायजे. तिथं उतरवतानी पाहूनच नट आवळजा."

तीन-चार सायकली झाल्यावर ती थांबली. एका हिरव्या सायकलीचा ब्रेक मागच्या अंगाला होता आणि वायर गळ्याभोवती फिरलेली. तिने पुढची पाहिली. तीही तशीच. ती कोणाची, असं विचारल्यावर दौलतसिंग जरा ताठ झाला.

"माही. लय सरळ जाते. हात सोडले तरी हलत नाई."

रीताने भाऊसिंगांकडे पाहिलं. भाऊसिंग बाजेवर बसून तंबाखू मळत होते. ते उठले, पान्यांचा डबा उचलला, आणि दौलतसिंगच्या सायकलीपाशी येऊन बसले.

"चढाले कधी बसला हिच्यावर?" त्यांनी विचारलं.